टाळूचे डॉक्टर

आमचे डॉक्टर माणसाला तोंडाने ओळखत नसत, डोक्याने ओळखत. "तो नाही का, मागून चपटा, माथ्यावर दोन भोवरे," असं म्हणायचे, आणि आम्ही समजायचं की हेडक्लार्कांविषयी चाललंय. बसमध्ये टकल्या माणसाच्या मागची सीट मिळाली की त्यांचा दिवस चांगला जायचा. एकदा पणजीच्या बसस्टँडवर त्यांनी एका अनोळखी गृहस्थाच्या कपाळाची कातडी चिमटीत धरून वर ढकलून बघितली. गृहस्थ हात उगारून उठले. डॉक्टर म्हणाले, "अहो, तुमची केवढी सैल आहे! नशीबवान आहात!" गृहस्थांनी स्वतःच कपाळ चाचपून बघितलं. ते परत खाली बसले.

मी तेव्हा पणजीजवळच्या एका मोठ्या इस्पितळात शिवणखोलीत होते. गोवा मुक्त होऊन बरीच वर्षं लोटली होती, पण आमच्या घरी शिंप्याला अजून आल्फायतच म्हणत, म्हणून मी आल्फायतीण. ऑपरेशनच्या, मधे भोक असलेल्या हिरव्या चादरी, रुग्णांचे झगे, डॉक्टरांच्या टोप्या, हे माझं काम. शिवण मला कुणी शिकवली नाही. भावाच्या जुन्या विजारी उसवून उसवून मी शिकले. नार्व्याहून रोज यायचे, दोन फेरीबोटी आणि एक बस करून. दिवाडीला जाणारी एक फेरी, दिवाडीहून पलीकडे जाणारी दुसरी.

तर एक दिवस दुपारी, मी मशीनच्या चाकात तेल घालत होते, दारात एक उंच, पुढं वाकलेला माणूस उभा. एका हातात सोललेला नारळ, त्याच्यावर उशीचा अभ्रा ताणून बांधलेला. दुसऱ्या हातात कात्री.

"शिवणबाई तुम्हीच का?"

"हो."

"हे डोकं आहे," नारळ पुढं करून ते म्हणाले. "याला एवढं भोक पडलंय. दुसऱ्या कापडाचा तुकडा आणायचा नाही. याच कापडातून बुजवायचं. सांगा कसं?"

मला वाटलं, वेड्यांचं इस्पितळ वेगळं असतं ना? पण प्रश्न शिवणीचा होता, आणि शिवणीचा प्रश्न आला की मला राहवत नाही. मी म्हटलं, "बाजूचं कापड गोलात कापा आणि फिरवून आणा. तिरक्या धाग्यावर कापलंत तर ताण घेईल."

डॉक्टर अक्षरशः उडाले! नारळ हातातून सुटला, टेबलाखाली गेला. "फिरवून आणा! बरोबर! पण तिरका धागा नाही ना हो डोक्याला! डोक्याची कातडी ताणतच नाही, बाई. पोट ताणतं, गाल ताणतो, डोकं म्हणजे ताडपत्री!" मग टेबलाखाली शिरून नारळ शोधता शोधता तिथूनच सांगायला लागले, की रुपयाएवढं भोक बुजवायला ताटलीएवढा तुकडा सोडवून फिरवावा लागतो, तेव्हा कुठं तो पोचतो.

"आणि ताटली जिथून उचलली तिथं उघडं पडेल, त्याचं काय?" मी विचारलं.

"तिथं मांडीवरची पातळ साल काढून चिकटवायची. कागदासारखी."

"मग ती साल पहिल्यांदाच भोकावर का नाही चिकटवत? एवढी फिरवाफिरव कशाला?"

ते टेबलाखालून बाहेर आले. डोळे असे चमकत होते, जसं काही मी त्यांना बक्षीस दिलं. "कारण कॅन्सर काढताना भोवतालची चांगली कातडीसुद्धा काढतो आम्ही, आणि खालचा पापुद्रासुद्धा. उरतं ते नुसतं हाड. हाड म्हणजे कातळ. मोपाच्या सड्यावर, त्या उघड्या माळावर, भात लावाल का तुम्ही?"

"नाही लावणार."

"का?"

"माती नाही, पाणी नाही."

"झालं तर! म्हणून माती आणि पाणी बरोबर घेऊन जाणारा तुकडा न्यायचा. त्याला देठ ठेवायचा. देठात रक्ताची शीर. आधी देठ, शिवणबाई, मग फूल!"

हे "आधी देठ" मी पुढं हजार वेळा ऐकलं. ऑपरेशनच्या खोलीत शिकाऊ डॉक्टरांवर ओरडायचे, "आधी देठ!" कँटीनमध्ये कुणी केळीचा घड ओढला तरी, "अरे, आधी देठ!" ते घाटावरचे, साताऱ्याकडचे. इथं येऊन दोन वर्षं झाली तरी आमची भाषा त्यांच्या डोक्यात पुरती शिरली नव्हती. आमच्याकडे 'जाय' म्हणजे हवं. एक म्हातारा ऑपरेशननंतर शुद्धीवर आला आणि "दोतोर जाय, दोतोर जाय," म्हणत राहिला. हे बिचारे तोंड पाडून वॉर्डाबाहेर गेले आणि व्हरांड्यात उभे राहिले. सिस्टर धावत गेली, "अहो, तो तुम्हाला बोलावतोय!" तर म्हणाले, "मला तर तो हाकलतोय असं वाटलं. मीही म्हटलं, बरोबर आहे त्याचं, फार दुखवलंय मी त्याला."

त्यांच्या सदऱ्याची बटणं बघण्यासारखी होती. एकही बटण मला लावू देत नसत. स्वतः लावायचे, ऑपरेशनच्या दोऱ्याने, तीन-तीन गाठी मारून. त्यामुळं बटण कधी तुटलं नाही. सदरा तुटायचा. बटणाभोवतीचं कापड फाटून, बटण आपल्या गाठींसकट हातात यायचं, आणि ते मला अभिमानाने दाखवायचे, "बघा, गाठ सुटली का?"

आणि उंडे, आमचे गोल कडक पाव! सकाळी पोदेर सायकलवरून पाव घेऊन यायचा, त्याच्याकडून डॉक्टर दोन उंडे घ्यायचे. एक खायचे. दुसऱ्याचं ऑपरेशन करायचे. उंड्याची वरची कडक साल असते ना, तिच्यावर माझ्या खडूने वर्तुळ काढायचं, ब्लेडने तेवढं उडवायचं, मग बाजूची साल अलगद सोडवून फिरवून त्यावर आणायची. साल फाटली की "मेला" म्हणायचे. साल पोचली की "वाचला!" असं एवढ्या मोठ्यानं ओरडायचे की पलीकडच्या धोबीखात्यातून माणसं डोकावायची. पोदेराला कुणीतरी हे सांगितलं. तो मला म्हणाला, "बाय, तांका सांग, उंडो खावपाक असता." मी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "त्याला सांगा, साल जरा जाड भाज."

हे सगळं वाचून तुम्ही हसाल, इस्पितळातही हसायचे. मोठ्या पदावरचे दुसरे डॉक्टर तर तोंडावर म्हणायचे, हा सर्जन की स्वयंपाकी? पण पेशंट! पेशंट त्यांच्यावर जीव टाकायचे. कारण हा माणूस कुणाशी इंग्रजी शब्दात बोलत नसे. शेतकरी आला तर बांध, पाट, पाणी. गवंडी आला तर चिरे आणि चुना. बाई आली तर शिवण नाहीतर स्वयंपाकघर. त्यांचं म्हणणं, घाबरलेल्या माणसाला त्याच्या घरातली वस्तू हातात दिली की तो ऐकायला लागतो. आणि एक गोष्ट, ते कधीच "घाबरू नका" म्हणायचे नाहीत. म्हणायचे, "घाबरा, पण लवकर घाबरा. दोन वर्षं व्रण लपवून मग घाबरून काय उपयोग?"

शालन अशीच लपवून आली होती.

शालन पेडण्याकडची, मोपाच्या सड्याजवळची. वय चाळीस. लहानपणी काजूच्या बिया भाजताना सालातलं तेल पेटून उडालं आणि तिच्या डोक्यावर पडलं. तेव्हापासून माथ्यावर हाताच्या तळव्याएवढा चट्टा, केस नाहीत, ती बाजूचे केस वरून घ्यायची. त्या जुन्या चट्ट्यात मागच्या दोन वर्षांत एक व्रण झाला आणि बरा होईना. ती डोक्यावर पदर घ्यायला लागली. घरात कुणाला सांगितलं नाही. शेवटी वास यायला लागला तेव्हा तिच्या आवयेनं, आईनं हो, पदर ओढून बघितलं आणि दुसऱ्या दिवशी हाताला धरून इस्पितळात आणलं. नवरा पूर्वीच गेलेला. मूलबाळ नाही. म्हातारी आणि ती, एवढंच घर.

मला हे सगळं माहीत, कारण म्हातारी माझ्या शिवणखोलीच्या पायरीवर येऊन बसायची. वॉर्डात दोनच वेळा आत सोडत, बाकी वेळ जाणार कुठं? पहिल्याच दिवशी ती येऊन बसली ती घुश्शात.

"बाय, तुमचो दोतोर बरो मां?"

"का हो आजी?"

"शालनीच्या टाळूक कॅन्सर म्हणता. मियां तिचा तोंड उघडून बघलंय. टाळूक काय एक ना! व्रण आसा थंय डोक्यार, आणि हो तोंडातलो सांगता!"

आता मराठीत बघा, तोंडात वरही टाळू आणि डोक्यावरही टाळू. मी समजावलं, की बाळाची आपण तेलानं भरतो ना, ती टाळू. म्हातारीचा चेहरा उजळला. "मगे तशें सांगूक जाय मां!" आणि मी मूर्खासारखं हे डॉक्टरांना जाऊन सांगितलं. त्यांना केवढा आनंद! "बाळाची टाळू! वा! हे मला कसं सुचलं नाही?" खिशातली वही काढून लिहून घेतलं.

ऑपरेशन झालं, सकाळपासून दुपारी उशिरापर्यंत. सगळा जुना चट्टा काढला, खालचं हाड उघडं पडलं. मग उजव्या बाजूची आणि मागची केसांची कातडी एवढी मोठी सोडवली, देठ ठेवला उजव्या कानाच्या पुढं, आणि फिरवून हाडावर आणून बसवली. मागं उघड्या राहिलेल्या जागेवर मांडीची साल. डॉक्टर बाहेर आले ते सरळ शिवणखोलीत. टोपी अजून डोक्यावर, माझ्याच हातची. "वाचला!" म्हणाले. पलीकडून धोबी ओरडला, "उंडो काय?" "नाही हो! माणूस!"

पाचव्या दिवशी जाड पट्ट्या काढल्या. कातडी गुलाबी, टाके सरळ. डॉक्टरांनी वरून एक हलकी जाळीची पट्टी ठेवली आणि पलंगाशेजारी उभं राहून म्हातारीला, खास जमवून आणलेलं, सांगितलं, "आजी, ही टाळू आता नवजात बाळाची आहे. बाळाला जपाल तशी जपा."

म्हातारीने दोन्ही हात जोडले. डॉक्टर खूश होऊन निघून गेले.

आणि म्हातारी उठून आली माझ्याकडे. "बाय, एक कुंची शिवून दी. मोठी. शालनीक बसात अशी."

मी एका शब्दानं विचारलं नाही हो! उलट मला भरून आलं. आमच्याकडे बाळाला काय करतात? टाळूवर कोमट तेल थापतात, कुंची घालतात, हनुवटीखाली नाड्या घट्ट बांधतात म्हणजे वारा लागत नाही, आणि शेक देतात. डॉक्टरांनी सांगितलं तर करायला नको? मी मऊ जुन्या धोतराची कुंची शिवली. आत अस्तर. कडेला दुहेरी शिवण. नाड्या दोन्हीकडे उलटसुलट टाके मारून इतक्या पक्क्या की बैलानं ओढल्या तरी सुटू नयेत. कपाळावर एक बारीकशी झालरसुद्धा लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भेटीच्या वेळी म्हातारीनं पट्टी बाजूला करून खोबरेल थापलं, कुंची घातली, नाड्या बांधल्या. निखाऱ्यांची वाटी तेवढी सिस्टरनं दारात अडवली. "आजी, इथं विस्तव नाही चालायचा," एवढंच बोलली. कुंची तिनं बघितली. तिला वाटलं, थंडीची टोपी. शालनला घट्टपणा कळला नाही, कारण फिरवलेल्या कातडीला सुरुवातीला जाणीवच नसते. ती म्हणे, "बरां वाटता आवये," आणि झोपली.

दुपारी चारला डॉक्टर फेरीवर आले. मी तेव्हा वॉर्डात नवे झगे द्यायला गेले होते, म्हणून सगळं डोळ्यांनी बघितलं. त्यांनी कुंचीकडे बघितलं. पुढं झाले, नाडी सोडायला गेले, सुटेना. कात्री मागवली. कापली. कुंची काढली.

पिकल्या जांभळासारखी झाली होती कातडी. काळीनिळी, फुगलेली, वर तेल चकाकतंय.

नाडी कुठून गेली होती? उजव्या कानाच्या पुढून. नेमकी देठावरून.

"ही कुणी बांधली?" आवाज मोठा नव्हता. मोठा असता तर बरं झालं असतं.

म्हातारी म्हणाली, "मियां."

"शिवली कुणी?"

म्हातारीनं माझ्याकडे बघितलंही नाही. "पेडण्याच्या बाजारात घेतली, बाबा."

मला वाचवत होती ती! तिची मुलगी तिथं तशी पडलेली, आणि ती मला वाचवत होती. मी पुढं झाले. मी म्हटलं, "मी शिवली, डॉक्टर."

त्यांनी कुंची उलटी करून शिवण बघितली. बोटाने नाडी ओढून बघितली. "शिवण चांगली आहे," म्हणाले. "फार चांगली आहे, तेच वाईट झालं. दुसऱ्या कुणाची असती तर दुपारपर्यंत सुटली असती." मग ते शालनच्या पलंगाच्या कडेवर बसले, जे डॉक्टर कधी करत नाहीत. "आणि नवजात बाळ मी म्हणालो. या दोघींनी फक्त माझं ऐकलं."

सुई घेऊन त्यांनी कातडीला हलकेच टोचलं. काळं रक्त भसकन आलं. शालन वर न बघता म्हणाली, "दोतोर, हाड उघडां पडतलां?" ती हुशार होती, तिला सगळं समजत होतं. ही कातडी मेली तर दुसरी फिरवायला डोक्यावर शिल्लक नव्हती. उघडं हाड वाळतं, कुजतं, आत मेंदू. हे तिला त्यांनीच समजावलेलं, कातळ आणि भाताच्या भाषेत.

"अजून नाही," डॉक्टर म्हणाले. "रक्त आत जातंय. बाहेर पडत नाही. पाट उघडा आहे, पण नाडीच्या दाबानं निचरा बुजलाय." आणि एकदम उठून उभे राहिले, माझ्याकडे वळले आणि विचारलं, "शिवणबाई, तुमच्या गावात म्हशी आहेत?"

मला वाटलं, संपलं, यांचं डोकं फिरलं.

"आहेत ना."

"डुंबतात?"

"तळीत डुंबतात."

"बाहेर आल्यावर त्यांच्या अंगाला काय चिकटलेलं असतं?"

"जळवा," मी म्हटलं. आणि म्हणता म्हणता मला कळलं!

परदेशात कुणीतरी असं करून बघितलं होतं आणि ते त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. जळू लावली की साचलेलं रक्त ती ओढून घेते, आणि ती सुटल्यावरही जखम बराच वेळ पाझरत राहते. तेवढ्या दिवसांत बारीक शिरा नवी वाट काढतात. "आज मी टोचून, रक्त गोठू नये म्हणून औषधाचा कापूस लावून निभावतो," ते म्हणाले. "उद्या मला जळवा हव्यात. जिवंत. भुकेल्या."

मी त्या संध्याकाळी फेरीबोटीत उभीच राहिले, बसवेना. आमच्या गावच्या देवळाकडे तोंड करून हात जोडले आणि घरी जाऊन वहिनीला सांगितलं. वहिनी म्हणजे माझ्या भावाची बायको, उभा जन्म चिखलात गेलेली. उजाडल्याबरोबर आम्ही दोघी तळीत! लुगडी गुडघ्याच्या वर खोचून, पाय ढवळत. वहिनीच्या हातात मिठाची पुडी.

"ती कशाला गो?" मी ओरडले.

"जळू सोडवूक!"

"मीठ नको! मरतील! आम्हाला त्या हव्यात!"

"अगो बाये, आजपर्यंत जळू नको म्हणून देवाक सांगत आले, आणि तू म्हणतेस हव्यात!" पण तिनं पुडी कमरेला खोचली आणि माझ्यापेक्षा आत गेली. "ये गे बाये, ये," म्हणून हाका मारायला लागली जळवांना. आणि आल्या हो! तिच्या पोटरीला तीन, माझ्या घोट्याला दोन. चावायच्या आत नखाने अलगद सोडवायच्या आणि लोणच्याच्या बरणीत तळीचं पाणी घेऊन सोडायच्या. तेरा जमल्या. मी वहिनीला मिठी मारली, चिखलासकट.

फेरीबोटीत शेजारच्या बाईनं विचारलं, "बाय, लोणचां कसलां?" मी म्हटलं, "जळवा." एकदम माझ्याभोवती एवढी जागा झाली, की दुसऱ्या फेरीपर्यंत मी राणीसारखी उभी होते.

वॉर्डाच्या दारात मेट्रन. "हें इस्पितळ काय तळी?" तिचंही बरोबरच होतं. पण डॉक्टर मागून धावत आले, दाढी वाढलेली, डोळे लाल, आणि बरणी उजेडाकडे धरून नाचायचे तेवढे बाकी राहिले. "तेरा! शिवणबाई, तेरा! आणि केवढ्या तरतरीत!" जंतू होऊ नयेत म्हणून शालनला आधीच इंजेक्शन दिलं होतं. आता अडचण एक. जळू इकडेतिकडे फिरते, कानात शिरली तर? त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "काज करते." जाळीच्या कापडाची चौपदरी घडी, मधे बटणाला करतात तसं काज, कडा शिवलेल्या. काजातून फक्त तेवढीच कातडी दिसणार. जळूला चावायला तेवढीच जागा.

लावायला सिस्टर तयार होईना, शिकाऊ डॉक्टर मागं सरकले. म्हातारी पुढं आली. "सर रे बाबा." बरणीत हात घालून एक उचलली, काजावर ठेवली. जळू वळवळली, थांबली, चिकटली.  हळूहळू ती फुगायला लागली. डॉक्टर गुडघ्यांवर बसून बघत होते, नाक कातडीपासून वीतभर. "पितेय," म्हणाले, कुजबुजत. "पितेय! शाब्बास!"

अर्ध्या तासात ती भरून गळून पडली. काजातून रक्त पाझरत राहिलं. काळं. मग दुसरी जळू. मग तिसरी. दुपारी तीनच्या सुमारास म्हातारीनं, जिची नजर कातडीवरून क्षणभर हलली नव्हती, डॉक्टरांचा सदरा ओढला. "बाबा, कडेक बघ."

कडेला जांभळातून एक गुलाबी रेघ निघाली होती.

डॉक्टरांनी टोचलं. लाल! लाल रक्त, स्वच्छ, थेंब थेंब! "वाचला!" ते ओरडले, आणि या वेळी सगळा वॉर्ड ओरडला, सिस्टरसुद्धा. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मेट्रन आली, काय झालं बघितलं, आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. शालन रडत होती आणि हसत होती, आणि म्हणत होती, "हलवू नका माका, ती अजून पिता!"

चार दिवस चाललं हे. वहिनी रोज उजाडता तळीत, मी रोज बरणी घेऊन फेरीत. एक कोपरा, नखाएवढा, काळा पडून गेला. बाकी सगळी कातडी राहिली. पुढं तिच्यावर केस आले, दाट, फक्त वळण जरा आडवं, कारण कातडी फिरवून आणलेली. शालनने त्यावर काय केलं? भांग आडवा पाडला. कॅन्सर परत आला नाही. डॉक्टर काही वर्षांनी बदलून गेले आणि आता या जगात नाहीत. शालन आहे.

तिला घरी सोडलं तो दिवस मला अजून दिसतो. तिच्या पलंगाभोवती आम्ही सगळे. म्हातारी बोचकं बांधून तयार, पण निघेना. ती शेवटच्या सूचनेसाठी थांबली होती. डॉक्टर आले, खाकरले, दोन्ही हात पुढं केले आणि म्हणाले, "आजी, ही टाळू म्हणजे आता..."

आणि थांबले. म्हातारी मान पुढं करून ऐकतेय. सिस्टर बघतेय.  डॉक्टरांनी वर पंख्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर. कपाळावर घाम आला. तोंडाशी काहीतरी आलं, ते त्यांनी गिळलं. दुसरं आलं, तेही गिळलं. 

"...टाळू," ते म्हणाले. "ही टाळू म्हणजे टाळू. तेल नाही, कुंची नाही, शेक नाही. वर्षभर डोक्यावर पाटी नाही. उन्हात पदर, पण सैल. काहीच करायचं नाही."

म्हातारी हिरमुसली. चाळीस वर्षांच्या मुलीला घेऊन घरी जायचं आणि हाताला काही काम नाही?

"कायच ना करपाचां, दोतोर?"

"बघायचं," डॉक्टर म्हणाले. "रोज सकाळी उजेडात नीट बघायचं. व्रण दिसला, रंग बदलला, तर इकडे यायचं. बस, नुसतं बघत राहायचं."

म्हातारीनं बोचकं काखेत मारलं आणि शालनचा हात धरला.

"ता तर मियां ती जल्मल्यापासून करतंय मां, पुता."